काकूच्या नावाची मूठ

सरांनी पुस्तक मिटलं, चष्मा काढून रुमालानं पुसला आणि म्हणाले, की साहित्यातलं सत्य म्हणतात ते हे. वर्गातल्या दोघीजणी डोळे टिपत होत्या. माझी मात्र तळपायाची आग मस्तकात गेली होती. ते पुस्तक हिसकून घ्यावं आणि खिडकीतून खाली सायकल स्टँडवर भिरकावून द्यावं, एवढंच मनात येत होतं. दिलं नाही. दात-ओठ खात बसून राहिले आणि तास संपल्यावर कोणाशी न बोलता बाहेर पडले.

आमचा एम. ए. मराठीचा वर्ग हा बऱ्हाणपुरात तसा गमतीचाच प्रकार आहे. बाहेर सगळा कारभार हिंदीत. रिक्षावाल्याशी हिंदी, बँकेत हिंदी, आणि आम्ही पोरीसुद्धा मधल्या सुट्टीत ‘अरे यार, तू पण ना’ करत निम्मं हिंदीच बोलतो. मग पुन्हा ह्या एका खोलीत येऊन मराठी साहित्याचा अर्थ शोधायचा. मी इथे हट्टानं आले. घरचे म्हणत होते, बी. एड. कर, नोकरी तरी लागेल. मी ऐकलं नाही, कारण लहानपणापासून माझी एक पक्की समजूत होती. माणसं घरात खोटं बोलतात, बाजारात बोलतात, लग्नाच्या मांडवात तर विचारूच नका, पण पुस्तकात खरं लिहितात. एकटं बसून लिहिताना कोणी कशाला खोटं बोलेल, असं मला वाटायचं. काय पण अक्कल माझी.

ती कथा आमच्या पेपरला नेमलेली आहे. लेखक आमच्याच भागातले, निवृत्त मास्तर. कथा कानबाईच्या सणाची. बाहेरच्यांना हा सण फारसा माहीत नसतो, म्हणून सांगते. कानबाई ही आम्हा खानदेशी लोकांची देवी. श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी नारळाला डोळे काढून, नथ घालून तिला चौरंगावर बसवतात. तिचा प्रसाद म्हणजे रोट, गव्हाच्या जाडजूड पोळ्या. पण रोटाचा गहू डब्यातून असा उगाच उपसत नाहीत. भाऊबंदांतल्या एकेका पुरुषाचं नाव घेऊन सव्वा मूठ गहू काढायचा. पाळण्यातलं पोरगं असलं, तरी त्याच्या नावाची मूठ पडते. तो गहू वेगळा दळायचा आणि त्याचे रोट भाऊबंदांनीच खायचे. परक्याच्या हातावर तुकडा ठेवायचा नाही. उरले तर तापीत सोडतील, पण बाहेरच्याला देणार नाहीत. आपला कोण आणि परका कोण, ते आमच्याकडे दरवर्षी असं ताटावर ठरतं.

आणि बायका? बायका खातात नवऱ्याच्या मुठीतलं, पोरी खातात बापाच्या मुठीतलं, तेही लग्न होईपर्यंत. बाईच्या नावाची मूठ नसते. रांगणाऱ्या चुलतभावाची मूठ पडायची आणि मी शेजारी परात धरून उभी असायचे, तेव्हा माझं नाव कोणाच्या तोंडी यायचं नाही. मला त्याचंही फार वाटायचं नाही, कारण सगळ्याच पोरींचं तसं होतं.

तर कथेत एक तरुण विधवा आहे. नवरा गेल्यावर दिरांनी तिला रोटाला बोलावणं बंद केलं. मग एका श्रावणात थोरला दीर गहू काढत असतो, सगळ्या पुरुषांची नावं होतात, आणि त्याचा हात थांबतो. तो तिचं नाव घेतो आणि तिच्या नावाची सव्वा मूठ परातीत टाकतो. मग स्वतः तिच्या दारात जातो. ती मान खाली घालून येते, रोटाचा घास घेते आणि रडते. कथा संपली. बाजारात मिळणाऱ्या गाइडमध्ये लिहिलंय, ‘सदर मूठ ही मानवतेचे प्रतीक होय.’ आमच्या वर्गानं हे वाक्य पाठ केलंय.

आता खरं ऐका. ती विधवा म्हणजे माझी सख्खी धाकटी काकू. थोरला दीर म्हणजे मोठे बाबा, माझ्या वडिलांचे मोठे भाऊ. घटना आमच्या जसोंडी गावातली. आणि मूठ पडली नाही. बोलावणं गेलं नाही. त्या वर्षी नाही, त्यानंतरही कधी नाही.

काका गेले तेव्हा मी शाळेत होते. काकूला एकच मुलगी, ती आता सासरी आहे. मुलगा असता, तर त्याची मूठ कोणाला नाकारता आली नसती. काका गेल्यावर काही महिन्यांनी काकूनं तहसीलीत जाऊन शेताच्या कागदावर आपलं नाव चढवून घेतलं. नवऱ्याचाच हिस्सा, कोणाचं हिरावून नाही घेतलं. पण मोठ्या बाबांना वाटत होतं, की शेत त्यांनीच करावं आणि भावजयीनं वाढतील ते खावं. भांडण वगैरे झालं नाही. आमच्याकडे कोणी उघड काही बोलतच नाही. पुढच्या श्रावणात सगळ्या भाऊबंदांकडे कुंकू घेऊन रोटाचं बोलावणं गेलं, आणि मधलं एक दार टाळून पुढच्या दाराला गेलं, बस. माझे वडीलही मूग गिळून बसले. आम्ही राहतो बऱ्हाणपुरातच, लालबागला, वडिलांची ऑफिसातली नोकरी, सणापुरतं गावाकडे जायचं, मग मोठ्या भावाशी वैर कशाला, हा त्यांचा हिशोब.

काकू कथेतल्या बाईसारखी बिचारी वगैरे मुळीच नाही. केळीचा बाग ती स्वतः बघते. घड कापायच्या दिवशी गाडीवाला वेळेवर आला नाही, तर त्याची अशी काही खरडपट्टी काढते, की दुसऱ्या दिवशी तो आधी तिच्या दारात येऊन उभा राहतो. मजुरांच्या बायका तिला वचकून असतात. पण त्या एका रविवारी तिचं सगळं अवसान जातं. कानबाईचा उपास रोटानंच सोडायचा असतो. काकू दरवर्षी उपास धरते, न्हाऊन चांगली साडी नेसते आणि दाराशी बसते. मोठ्या बाबांचं घर भिंतीला भिंत लागून. पलीकडची गाणी, आरती, ताटांचा आवाज, सगळं तिला ऐकू येतं. लोक तिच्या दारावरून जातात. सगळं शांत झालं, की ती उठून पाणी पिते आणि तशीच झोपते. तिला दुसरं काही नको आहे. कोणीतरी येऊन ‘चल’ म्हणावं, एवढंच हवं आहे.

मास्तर तेव्हा जसोंडीच्या शाळेत होते आणि त्याच गल्लीत, काकूच्या समोर भाड्यानं राहत होते. त्यांना सगळं ठाऊक होतं. बदली होऊन शहरात आले, कथा लिहिली, ती दिवाळी अंकात छापून आली, मग पुस्तकात, मग पेपरला. कथेत नावं बदललेली, पण जसोंडीत कोणाला नावांची गरज होती? मोठे बाबा आधी भडकले असतील, असं मला वाटलं होतं. कशाचे भडकतात. त्यांनी शेवट वाचला आणि अभिमानानं फुगले. कथेचं पहिलं पान लॅमिनेट करून त्यांनी ओसरीत कॅलेंडरशेजारी टांगलं. पाहुणा आला, की आधी पाणी, मग ते पान. कोणी विचारलं, की हे खरं आहे का हो, तर म्हणायचे, आता छापलंय म्हणजे काय. पाहुणे वाकून त्यांच्या पाया पडायचे.

आणि मग एक भलतंच होऊन बसलं. काकूला बोलावण्याची गरजच उरली नाही. गावात जे दोघे-चौघे पूर्वी मोठ्या बाबांना हळूच बोलायचे, की भाऊ, बाईमाणसाला असं तोडू नका, तेही गप्प झाले. नव्यानं लग्न होऊन आलेल्या पोरींना तर वाटायचं, की हे कधीच मिटलंय. मोठ्या बाबांची सून, म्हणजे माझ्या चुलतभावाची बायको, लग्नानंतर पहिल्यांदा काकूला नळावर भेटली आणि कौतुकानं म्हणाली, की तुम्हीच ना त्या, ज्यांची मूठ पडली होती. काकूनं ‘हो’ म्हटलं. हे मला तिच्याकडूनच कळलं. मी जाम चिडले. खोट्याला हो कशाला म्हणालीस, म्हणून तिच्यावरच ओरडले.

काकू केळीच्या पानावरची धूळ पुसत होती. म्हणाली, “नाही म्हटलं, की पुढचा सवाल येतो बाई. का नाही बोलावलं? मग काय सांगू, मी काय पाप केलं ते?”



तर त्या दिवशी, वर्गात सर भारावून गेले त्या दिवशी, मी स्टाफरूममध्ये गेले. सरांचा राग मला येत नव्हता, ते नागपूरकडचे, त्यांना कानबाईची काय कल्पना. मी सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, चहा मागवला आणि मला ‘सत्य’ आणि ‘तथ्य’ ह्यांतला फरक समजावून सांगितला. तथ्य म्हणजे जे घडलं, सत्य म्हणजे जे घडायला हवं होतं किंवा घडू शकतं. कथा काही पंचनामा नसते. तू हे फार व्यक्तिगत घेतेस. माझी काकू, माझे बाबा, असं करत वाचशील, तर रसिक कशी होशील? मी मान डोलावली आणि चहा पिऊन आले. घरी येऊन मात्र माझं डोकंच फिरलं. व्यक्तिगत म्हणे. ज्याचं चामडं सोलून जोडा शिवलाय, त्यानं जोड्याच्या शिलाईचं कौतुक करायचं का?

मी काही इतकी भोट नाही, की कथेकडे पुरावा मागेन. बोलणारं झाड लिहा, मेलेली माणसं परत आणा, तापी उलटी वाहवा, मी आनंदानं वाचेन. त्यात कोणी फसत नाही. खोटं लिहून खरं सांगता येतं, हे मला कळतं, त्यासाठीच तर मी पुस्तकं वाचते. एखाद्या कथेत असं एकही माणूस नसतं जे जगात आहे, आणि तरी वाचताना वाटतं, अरे, हे तर माझंच आहे, हे ह्याला कसं कळलं? ह्या कथेत मात्र माणसं खरी, गल्ली खरी, उपास खरा, काकूचं ते दाराशी बसणं इतकं खरं, की ते पान मी दोनदा वाचलं. मास्तरांना लिहिता येतं, ते मी नाकारत नाही. शेवटाला मात्र त्यांनी माती खाल्ली. बाकी सगळं खरं होतं, म्हणून तर शेवटावर सगळ्यांचा विश्वास बसला. आता मी कोणतीही कथा वाचून झाली, की स्वतःला एकच विचारते: हे वाचून झोप कोणाला लागली? काकूला? की मोठ्या बाबांना? सरांच्या सत्य आणि तथ्यात हा प्रश्न कुठे बसतच नाही, आणि परीक्षेत तो लिहिला, तर मार्क कापतात. मी लिहून पाहिलाय.

मग कॉलेजात लेखकभेटीचा कार्यक्रम ठरला. मास्तर प्रमुख पाहुणे. सरांना वाटलं, मी त्याच घरातली, तर निबंध मीच वाचावा, फक्त मुठीच्या प्रतीकावर बोलावं, इकडे-तिकडे जाऊ नये. मी हो म्हटलं. सभागृहात गेले आणि बघते तर काय, पहिल्या रांगेत मोठे बाबा. कडक इस्त्रीचा सदरा, डोक्यावर टोपी. कोणाच्या तरी डोक्यातून निघालं होतं, की कथेतल्या थोरल्या दिराचाच सत्कार करावा. प्राचार्यांनी त्यांना शाल पांघरली, नारळ दिला. बाईच्या नावानं मूठ टाकणारा माणूस, म्हणून निवेदिकेनं तोंड भरून ओळख करून दिली. टाळ्या थांबेनात. मोठ्या बाबांनी दोन्ही हात जोडून त्या घेतल्या, आणि एकदाही त्यांच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही. काकू तेव्हा बागेत पाण्याच्या पाळीवर होती. तिला ह्या कार्यक्रमाची कोणी खबरही दिली नव्हती.

माझं नाव पुकारलं. निबंध हातात होता, तो मी वाचलाच नाही. मास्तरांकडे वळून सरळ विचारलं, की सर, तुम्ही समोर राहत होतात, त्या बाईंची मूठ पडली का? बोलावणं गेलं का? मोठ्या बाबांनी मान खाली घातली आणि शालीचे काठ नीट करू लागले. मोठ्या बाबांसोबत आलेले वडील मागे कुठेतरी होते, त्यांच्याकडे मी बघितलं नाही.

मास्तर मऊ माणूस. चिडले नाहीत. माईक जवळ ओढून म्हणाले, “बेटा, मला माहीत आहे, तिला बोलावलं नव्हतं. पण तेच लिहून तिला काय मिळालं असतं? मी तिला कथेत न्याय दिला.”

लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. शप्पथ सांगते, वाजवल्या. मी म्हटलं, “न्याय तिच्यापर्यंत पोचला नाही, सर. सुटका झाली ती ह्यांची. तिनं ह्या वर्षीपण उपास धरला होता, आणि तुमची कथा पेपरला लागलेली होती.”

पुढे सरांनी माईक घेतला. साहित्याचं सत्य व्यापक असतं, व्यक्तीपुरतं नसतं, असं काहीतरी बोलून त्यांनी आभार उरकले. चहाच्या टेबलाशी माझ्या जवळ कोणी उभं राहिलं नाही. मास्तर जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवून गेले, तो हात मला नको होता. घरी वडिलांनी फैलावर घेतलं. चार लोकांत मोठ्या भावाची इज्जत घालवलीस, शिकलीस त्याचा हाच उपयोग का, जसोंडीला आता कोणत्या तोंडानं जाऊ. आई पोळ्या लाटत राहिली. तिलाही त्या घरात काकूसारखीच मूठ नाही, पण नवरा आहे.

गावात मात्र चर्चा झालीच. जसोंडीच्या पोरांनी कॉलेजातून ती घरोघर नेली. मोठ्या बाबांनी ओसरीतलं पान काढून आत ठेवलं, असं ऐकलं. म्हटलं, बरं झालं. एका खऱ्या वाक्यानं माणूस थोडातरी हलतो, मग सगळंच काही फुकट नाही.

श्रावण आला. कानबाईच्या आदल्या दिवशी मी लालबागच्या घरी फोन बघत होते, तर चुलतभावाच्या स्टेटसवर व्हिडिओ. मोठे बाबा परातीपुढे बसलेले. एकेक नाव घेत मूठ टाकतायत. शेवटी थांबले, कॅमेऱ्याकडे बघितलं, आणि काकूचं नाव घेऊन सव्वा मूठ गहू परातीत टाकला. खाली हात जोडल्याची चित्रं, ‘परंपरा आणि समानता’. मी पलंगावरून उडीच मारली. आईला दाखवला, वडिलांना दाखवला. वडिलांनी दोनदा बघितला. मला माझाच अभिमान वाटायला लागला, खोटं कशाला सांगू. मास्तरांनी कागदावर टाकलेली मूठ मी परातीत टाकायला लावली, असं काहीबाही मनात येत होतं. त्या दिवशी भेटले असते, तर मी सरांनाही माफ केलं असतं.

रविवारी संध्याकाळी जसोंडीला पोचलो. मोठ्या बाबांच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. चौरंगावर कानबाई, समोर कणकेचे दिवे, बायकांची गाणी चाललेली. आरती झाली. पानं मांडायला घेतली, तरी काकू कुठे दिसेना. मी चुलतभावाच्या बायकोला विचारलं, काकूंना आणायला कोण गेलंय? तिनं इकडे-तिकडे पाहिलं आणि मला स्वयंपाकघरात ओढलं. म्हणाली, ताई, ती मूठ नंतर पोत्यात परत टाकली. सासूबाई म्हणाल्या, बाईच्या नावाचं पीठ देवीला चालत नाही.

मी तशीच ओसरीत मोठ्या बाबांपुढे जाऊन उभी राहिले. खरं आहे का, विचारलं. त्यांना जरासुद्धा लाज वाटली नाही. उलट समजूत घातल्यासारखं म्हणाले, “अगं, ते व्हिडिओपुरतं होतं. देवाच्या पिठात असं चालतं का? तुला हवं होतं ना, केलं की.”

वडील माझ्यासाठी पान धरून बसले होते. मी चपला घातल्या आणि बाहेर पडले.

काकू दाराशीच बसली होती. हिरवी साडी, ओले केस मोकळे, मांडीवर फोन. मला पाहून तिचा चेहरा इतका फुलला, की मला पळून जावंसं वाटलं. मलाच बोलवायला पाठवलंय, असं तिला वाटलं होतं. उठून पदर नीट करू लागली, दाराची कडी शोधू लागली. मी जागची हलले नाही, तेव्हा थांबली. फोन उचलून तो व्हिडिओ लावला आणि माझ्यापुढे धरला. किती वेळा बघितला असेल, देव जाणे.

“खरंच टाकली ना वं माझी मूठ?” तिनं विचारलं.

‘हो’ म्हणणं किती सोपं होतं. हो म्हटलं असतं, की बोलावणं उशिरा येईल, गर्दी आहे, असं काही जोडता आलं असतं. तिची ती संध्याकाळ गोड गेली असती. दिवसभर उपाशी बसलेली बाई, डोळ्यांत एवढी आस घेऊन उभी. मला तेव्हा मास्तर पहिल्यांदा कळले, आणि कळल्यावर त्यांचा आणखीच राग आला.

मी म्हटलं, “टाकली होती. व्हिडिओ झाल्यावर परत काढून पोत्यात टाकली. रोटात तुझी मूठ नाही, काकू. बोलवायला कोणी येणार नाहीये.”

भिंतीपलीकडे पानं वाढल्याचा गलका चालू होता. मला वाटलं, आता रडेल. तिनं फोन बंद केला, उंबऱ्यावर टेकली आणि हळू आवाजात म्हणाली, “इतकी वर्षं वाटायचं, ह्या खेपेला येतील. कोणी तोंडावर सांगितलंच नाही, की येत नाही म्हणून.”

मग एकदम उठली. डोळे कोरडे होते, पण आवाज गाडीवाल्याला झापतानाचा. मग मी कोणासाठी कोरडी बसून राहिले, म्हणाली, आणि आत जाऊन गॅस पेटवला. ज्वारीचं पीठ काढलं, पाणी ओतलं, पदर खोचला. भाकर अशी थापत होती, की परातीचा आवाज नक्की पलीकडे जात असणार. मिरच्या तव्यावर टाकल्या, ठेचा केला. पहिली भाकर उतरली, तशी तिनं ती मधून मोडली, अर्धी माझ्या ताटात टाकली आणि अर्धी स्वतः घेऊन खायला बसली. भराभर खात होती, मोठमोठे घास, पाणीसुद्धा न पिता. त्या रविवारी तिला जेवताना मी पहिल्यांदा बघत होते.

मी पहिला घास मोडला, तेवढ्यात भिंतीपलीकडून वडिलांनी मला हाक मारली. रोट वाढलेत, सगळे थांबलेत, लवकर ये. काकूचा हात ताटावर थांबला. तिनं माझ्याकडे बघितलं नाही, भाकरीकडे बघत राहिली.

मी घास तोंडात घातला, गिळला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, की थांबू नका, मी माझ्या घरी जेवतेय.